मोकळा माळ

तंबूच्या दाराशेजारी, कापडाच्या भिंतीतच, एक लाकडी कपाट बसवलेलं होतं. त्याला दोन दारं. एक बाहेरून उघडणारं, दुसरं आतून. पहाटे साडेपाचला बाहेरचं दार वाजायचं, कुणीतरी दबक्या आवाजात ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं आणि पावलं निघून जायची. मग आपण आतलं दार उघडायचं. ट्रेमध्ये थर्मास, दोन कप, वेगळ्या भांड्यात गरम दूध, आल्याची बिस्किटं. चहा आणणारा मात्र दिसायचा नाही. पाहुण्यांना पहाटे विस्कटल्या केसांनी कुणासमोर यावं लागू नये म्हणून ही सोय, असं कॅम्पच्या मॅनेजरबाईंनी पहिल्याच संध्याकाळी समजावून सांगितलं होतं.

ताईला ही सोय काही पटली नाही. आयुष्यभर दूधवाल्यापासून पेपरवाल्यापर्यंत सगळ्यांची दारात उभं राहून चौकशी केलेली बाई ती. ‘आणणाऱ्याचं तोंड बघितल्याशिवाय चहा कसा गं प्यायचा?’ म्हणाली. एका पहाटे ती लवकर उठून, शाल गुंडाळून, तंबूच्या चेनपाशी दबा धरून बसली. पावलं वाजली तशी तिने चेन सर्रकन वर ओढली. बाहेर विशीतला एक मुलगा, हातात ट्रे, कपाळावर बॅटरी. तो इतका दचकला की कप किणकिणले. ‘काही चुकलं का मॅडम?’ हा त्याचा पहिला प्रश्न. पाहुणा आपणहून बाहेर येतो तो तक्रार करायलाच, अशी त्याची समजूत असावी, नाहीतर तशी शिकवण. ताईने ट्रे हातात घेतला, नाव विचारलं, गाव विचारलं, भावंडं किती, शाळा कुठवर झाली तेही विचारून घेतलं. मुलगा हसून हसून उत्तरं देत होता आणि अधूनमधून मागे वळून बघत होता, कुणी पाहत तर नाही ना. पुढच्या पहाटे ट्रे पुन्हा कपाटातूनच आला.

हे सगळं न्दुतूचं. टांझानियात, सेरेंगेटीच्या दक्षिण टोकाला, जिथे नॅशनल पार्क संपून न्गोरोंगोरोचं संरक्षित क्षेत्र सुरू होतं तिथे खाऱ्या पाण्याचं एक तळं आहे. फेब्रुवारीत त्याच्या आसपासच्या माळावर विल्डबीस्ट विणीला येतात आणि त्यांच्या मागोमाग आमच्यासारखे येतात. भाच्याने आईच्या पंचाहत्तरीला ही सहल दिली होती आणि सोबत म्हणून मला. किती पैसे पडले हे विचारायचं नाही, असं ताईने मला विमानातच बजावलं होतं. तिला स्वतःला तो आकडा ठाऊक होता आणि तो तिच्या घशात अडकून बसला होता. अरुशाहून बारा माणसांच्या विमानाने आलो. माणशी पंधरा किलो सामान, तेही मऊ पिशवीत, कारण टणक बॅग त्या विमानाच्या पोटात मावत नाही. त्या पंधरा किलोंतले तीन किलो चिवडा, मेतकूट आणि बेसनाचे लाडू होते. निळं आणि काळं काही घालू नका, त्सेत्से माश्या त्या रंगांवर धावतात, अशी सूचना आधीच आली होती. म्हणून ताईने सगळे बदामी पंजाबी ड्रेस शिवून घेतले होते. त्यांत ती गवतात जवळजवळ दिसेनाशी व्हायची.

तंबू म्हणायचं ते केवळ कापडाचा म्हणून. आत चार खांबांचा पलंग, गालिचा, तांब्याचं न्हाणीटब, पितळी कंदील, कातडी पट्ट्यांच्या जुन्या पेट्या, भिंतीवर पिवळट नकाशा. रात्री जेवून आलो की पांघरुणात गरम पाण्याच्या पिशव्या घालून ठेवलेल्या असत. अंधार पडला की एकट्याने बाहेर पडायचं नाही. बॅटरी हलवायची, की भाला घेतलेला आस्कारी येऊन तुम्हाला जेवणाच्या तंबूपर्यंत नेतो. तो चालताना बॅटरीचा झोत सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवत राहतो. मधेच थांबतो. झोतात दोन हिरवे ठिपके चमकतात, मग चार, मग दहा. ‘इम्पाला,’ तो म्हणतो आणि पुढे निघतो. इम्पाला नसते तर तो काय म्हणाला असता, हे आम्ही त्याला कधी विचारलं नाही.

त्या पेट्या आणि पितळी कंदील मला फार खटकले. म्हणजे दिसायला सुरेखच, पण ही कुणाची आठवण? पूर्व आफ्रिकेत कुठल्याही महागड्या कॅम्पात जा, सजावट शंभर वर्षांपूर्वीच्या गोऱ्या शिकाऱ्यांची असते. 1909 साली अध्यक्षपद सोडल्यावर थिओडोर रूझवेल्ट मोंबासाला उतरले ते मुलाला घेऊन. बरोबर कातडी बांधणीच्या पुस्तकांची पेटी, जनावरांची कातडी टिकवायला चार टन मीठ, आणि हे सगळं डोक्यावर वाहायला दोनशेवर हमाल. बापलेकांनी मिळून 512 प्राणीपक्षी मारले. ते म्युझियमसाठी होते, असं त्यांचं म्हणणं, आणि बरेचसे गेलेही म्युझियमात. हत्ती, सिंह, गेंडा, रेडा आणि बिबट्या या पाचांना आपण आज ‘बिग फाइव्ह’ म्हणून कॅमेऱ्यात पकडतो, ती यादीही बंदूकवाल्यांचीच, पायी शिकार करताना कोण जास्त घातक यावरून ठरलेली. बंदूक गेली, पेटी राहिली. हमालांच्या आठवणीतला कॅम्प कसा असेल, तो कुणी अजून थाटलेला नाही. त्याला गिऱ्हाईक मिळणं कठीणच.

सकाळी मात्र हे सगळं विसरायला होतं. उजाडायच्या आत लँडक्रूझर निघते, छपराचा मधला भाग वर उचललेला, अंगावर ब्लँकेट, गार वारा तोंडावर. आमचा गाइडच गाडी चालवायचा. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. वयाने मोठ्या माणसाला तिकडे ‘शिकामू’ म्हणून नमस्कार करतात आणि मोठ्याने ‘मराहाबा’ म्हणून तो स्वीकारायचा असतो. ताईने हे पहिल्याच दिवशी उचललं. रोज सकाळी तो वाकून म्हणायचा आणि ती वर्गात हजेरी घेतल्याच्या थाटात स्वीकारायची.

माळ म्हणजे काय हे मला वाटतं आपल्याला, सोलापूर-नगरकडच्यांना, सांगावं लागू नये. तरी हा माळ पाहून बोलणं बंद झालं. झाड नाही. जिथवर नजर जाते तिथवर घोट्याएवढं गवत आणि त्या गवतावर जनावरं. विल्डबीस्ट सगळे मिळून तेरा लाखांच्या घरात आहेत असं ऐकलं होतं, पण लाख हा आकडा डोळ्यांना कळत नाही. कानांना कळतो. पंगत बसायच्या आधी मंगल कार्यालयात जो एक भरलेला, कशालाच उद्देशून नसलेला आवाज असतो, तसा हुंकार चारी बाजूंनी येत होता, आणि इंजिन बंद केल्यावर तो गाडीच्या पत्र्यातून तळपायांना लागत होता.

इथेच झाड का नाही, हे गाइडने खाली हात करून दाखवलं. पूर्वेला ओल डोइन्यो लेंगाई नावाचा ज्वालामुखी आहे, अजून जिवंत. त्याची आणि त्याच्या शेजाऱ्यांची राख हजारो वर्षं वाऱ्याबरोबर या माळावर येऊन पडली. पावसाने ती मुरली आणि वीतभर-दोन वीत खाली तिचा सिमेंटसारखा कडक थर झाला. झाडाची मुळं त्याच्याखाली जाऊ शकत नाहीत. गवताला जायची गरजच नसते. आणि त्याच राखेतलं कॅल्शियम नि फॉस्फरस त्या गवतात उतरतं, म्हणून दूध पाजणाऱ्या माद्या वर्षाच्या या दोन-तीन महिन्यांत शेकडो मैल चालून इथे येतात. हे सांगताना त्याने गवताचं एक पातं तोडून ताईच्या हातात ठेवलं. तिने ते चावून बघितलं. ‘आपल्या पवन्यासारखंच लागतं,’ म्हणाली.

एक मादी आमच्यापासून वीसेक हातांवर आडवी झाली होती. ती उठायची, स्वतःभोवती फिरायची, पुन्हा बसायची. शेपटीखाली दोन पांढुरके खूर दिसत होते. एकदा ती त्याच अवस्थेत चार पावलं चालली आणि वासराचं नाक बाहेर आलं. मग एका दमात सगळं घसरून खाली पडलं, ओलं, पिवळसर तपकिरी, वाफाळणारं. आईने वळून चाटायला घेतलं. वासराने मान उचलली. मागचे पाय टेकवले, पुढचे घसरले, तोंडावर आपटलं. पुन्हा उठलं, या वेळी पुढचे जमले आणि मागचे फाकले. आई चाटता चाटता एक-एक पाऊल मागे सरत होती, त्याला उठायला लावत होती. लांब, उघड्यावर, एक तरस उभं होतं. लपलेलं नव्हतं, लपायची गरजही नव्हती; कान टवकारून फक्त पाहत होतं. सात-आठ मिनिटांत वासरू चार पायांवर उभं राहिलं आणि दहाव्या-बाराव्या मिनिटाला आईच्या कडेने धावू लागलं, तोंडाला अजून झिल्ली चिकटलेली. कळपात शिरलं आणि शेकडो वासरांत दिसेनासं झालं. तरस दुसरीकडे बघायला लागलं. ताईने इतका वेळ माझं मनगट पकडून ठेवलं होतं. तिची बोटं उमटली होती.

सिंह त्या मानाने सोपे. म्हणजे सापडायला. ताडोब्यात वाघ दिसावा म्हणून आपण सांबराचा इशारा, वानराचा खकार, वाळूतले पगमार्क यांची किती आराधना करतो! सगळं ऐकायचं, हुंगायचं, आणि शेवटी बांबूत एक पट्टा दिसला तरी जन्माचं सार्थक. इथे सिंह माळावर पसरलेले असतात. सावली हवी म्हणून एक सिंहीण उठली, सरळ आमच्या गाडीकडे आली आणि चाकाला टेकून झोपली. मी खिडकीतून खाली पाहिलं. नाकावर जुन्या जखमांच्या काळ्या रेघा, कानाची एक कड फाटलेली, डोळ्यांच्या कोपऱ्यांत माश्यांची रांग. पोट भात्यासारखं वर-खाली होत होतं. वास तिच्या अंगाचा की काल खाल्लेल्या मांसाचा, कळेना. एकदा तिने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे म्हणजे माझ्या दिशेने. तिच्या त्या पिवळ्या नजरेत मी नव्हते. माझ्या मागे जे काही होतं, आकाश, ढग, त्याच्याइतकीच मी तिच्या लेखी होते.

उभ्या राहू नका, हात बाहेर काढू नका, गाइड हळूच म्हणाला. गाडी आणि आतली माणसं मिळून तिला एकच मोठं, बिनवासाचं, बिनकामाचं जनावर दिसतं. तो आकार मोडला की माणूस दिसतो. आणि माणूस दिसला की मग तिला तुमच्याबद्दल मत बनवावं लागतं.

घरी दिवसभर कुणीतरी आपल्याला हाक मारत असतं. फोन, बेल, ‘अगं ऐकलंस का’. इतक्या जवळून, इतक्या समर्थ जिवाने आपली इतकी पूर्ण दखल न घेणं, यात एक सुख होतं, आणि मला वाटतं त्या सहलीत सगळ्यांत महाग काय होतं तर तेच. तांब्याच्या टबापेक्षा कितीतरी. फक्त ते भोगत असताना माझ्या मनात तो कपाटातून चहा देणारा मुलगा येऊन गेला. न दिसणं त्याच्याही वाट्याला आलं होतं, पण त्याने ते पैसे देऊन घेतलेलं नव्हतं.

दुपारी सगळे झोपले की मी तंबूपुढच्या खुर्चीत बसून समोर बघत राहायची. या माळाची चित्रं पाहिली की ‘आदिम’ हा शब्द आपसूक सुचतो. सृष्टीच्या पहिल्या दिवशी असं असेल, वगैरे. पण हा माळ असा दिसण्यात आपल्याकडच्या बैलांचाही हात आहे, हे मला कळलं तेव्हापासून तो शब्द तोंडातून येईनासा झाला. 1887 च्या सुमारास इटलीच्या फौजेसाठी तांबड्या समुद्रावरच्या मस्सावा बंदरात गुरं उतरवली गेली. ती हिंदुस्थानातून आणलेली होती असं मानतात. त्यांच्याबरोबर बुळकांडी उतरली. आफ्रिकेतल्या गुरांना हा रोग ठाऊकच नव्हता. दहाएक वर्षांत तो खंडाच्या दक्षिण टोकाला पोचला. मासाईंची दहांतली नऊ गुरं गेली. गुरांवर जगणारी माणसं ती. मागोमाग देवी आणि दुष्काळ आला. 1892 मध्ये ऑस्कार बाउमान हा ऑस्ट्रियन प्रवासी न्गोरोंगोरोच्या विवरात उतरला, तेव्हा त्याला भेटली ती हाडांचे सापळे झालेली, उपाशी माणसं. त्याच्यानंतर जे गोरे आले त्यांनी माणसांवाचून पडलेला माळ पाहिला आणि तो पहिल्यापासून असाच आहे असं धरून चालले.

बुळकांडी हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा वापरला जायचा. आईच्या लहानपणी एका वर्षी आजोबांची दावण रिकामी झाली होती. ती सांगायची, बैल गेले त्यापेक्षा दावणीला मोकळ्या दोऱ्या लोंबत राहिल्या होत्या ते जास्त आठवतं. पुढे गुरांचे डॉक्टर सायकलवरून गावोगाव सुया टोचत फिरले. तिकडे नैरोबीजवळच्या मुगुगा इथल्या प्रयोगशाळेत वॉल्टर प्लाउराइट यांनी साठीच्या दशकाच्या तोंडाशी एक स्वस्त, खात्रीची लस तयार केली. सेरेंगेटीच्या कडेच्या मासाईंच्या गुरांना लसी टोचल्या गेल्या. विल्डबीस्टना कुणी टोचायला गेलं नाही, पण गुरांतला रोग थांबला तसा त्यांच्यातलाही थांबला. साठच्या सुमारास ते अडीच लाखांच्या आसपास होते. 1977 पर्यंत तेरा लाखांवर गेले. 2011 मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने संपवलेला हा दुसराच रोग. आमच्यासमोर जन्मलेलं ते वासरू, म्हणजे, काही अंशी कुठल्यातरी मासाईच्या गाईला टोचलेल्या सुईमुळे तिथे धडपडत होतं. हे कुठल्याच माहितीपत्रकात मी वाचलं नाही. सिंहाशेजारी सुईचा फोटो शोभणार नाही हे खरंच आहे.

निघायच्या आदल्या दिवशी माळावर नाश्ता. छत्रीसारख्या एकाच बाभळीखाली पांढरंशुभ्र टेबलक्लॉथ, काचेचे पेले, शाकाहारी पाहुण्यांसाठी खास केलेल्या चपात्या. या चपात्या तिकडे सगळीकडे मिळतात, जाडसर, पदर सुटलेल्या. ताईने मेतकूट काढलं. आचाऱ्याने चाटून बघितलं आणि काय काय भाजून घालता ते लिहून घेतलं. टेबलाच्या पायापाशी एक शेणकिडा आपल्याहून मोठा गोळा मागच्या पायांनी ढकलत होता. टेबलक्लॉथची कड जमिनीला लागली होती; तो तिथे अडायचा, गोळा सोडून वर चढायचा, सूर्याकडे तोंड करून स्वतःभोवती एक फेरी घ्यायचा आणि पुन्हा उतरून त्याच जागी ढकलायला लागायचा. शेवटी ताईने कापड उचलून धरलं. आम्ही निघालो तेव्हा मागची गाडी घेऊन आलेली मंडळी खुर्च्या मिटत होती. तासाभरात तिथे काही होतं याची खूण राहणार नव्हती.

तिथून अरुशाला परतायचं ते रस्त्याने. वाटेत ओल्डुपाईची घळ लागते. जुलै 1959 मध्ये मेरी लीकी यांना इथे साडेसतरा लाख वर्षांपूर्वीच्या मानवसदृश प्राण्याची कवटी सापडली. पुढे 1978 मध्ये जवळच्या लाएतोलीला ओल्या राखेत उमटलेल्या पावलांच्या ठशांची रांग मिळाली, 36 लाख वर्षं जुनी, दोन पायांवर चालत गेलेल्या कुणाची तरी. ते ठसे जपण्यासाठी पुन्हा मातीखाली झाकून टाकलेत. म्युझियममध्ये दिसतो तो त्यांचा साचा. ताई त्या साच्यापुढे बराच वेळ उभी राहिली. टाच, अंगठा, तळव्याचा खळगा, सगळं आपल्यासारखं.

त्याच 1959 सालात आणखी काय काय झालं याची जुळणी मी गाडीत बसून करत होते. फ्रँकफर्टच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक बर्नहार्ड ग्झिमेक आणि त्यांचा मुलगा मिखाएल सेरेंगेटीवर चित्रपट करत होते. झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेल्या छोट्या विमानातून त्यांनी इथल्या जनावरांची पहिली शिरगणती केली. जानेवारीत एक गिधाड पंखावर आदळलं आणि मिखाएल गेला, वयाच्या चोविसाव्या वर्षी. चित्रपट त्याच वर्षी आला, त्याला ऑस्कर मिळालं, आणि सेरेंगेटी वाचली पाहिजे हे जगाला पटलं. वाचवायची म्हणजे तिथे माणूस नको, तिथला सुद्धा नको, असं ग्झिमेक यांचं स्पष्ट मत होतं. त्याच वर्षी सेरेंगेटीतून मासाईंना हलवून न्गोरोंगोरोच्या बाजूला वसवलं गेलं. इथे तुम्ही गुरं घेऊन राहा, जनावरंही राहतील, असा करार झाला. एका वर्षात या घळीत माणसाचा पूर्वज सापडला आणि घळीपलीकडच्या माळावरून माणूस उठला. विवराच्या काठावर ग्झिमेक बापलेकांची दगडी समाधी आहे. आम्ही उतरलो. त्या पोराच्या वयाकडे बघून ताईने हात जोडले.

काठावर लाल शुका पांघरलेली दोन मुलं गुरं घेऊन चालली होती. गुरांच्या गळ्यात घंटा. इथली शेती बंद आहे, विवराच्या तळाशी राहणं सत्तरच्या दशकातच बंद झालं, आणि 2022 पासून सरकार इथल्या मासाई कुटुंबांना शेकडो किलोमीटर लांब, हांदेनी जिल्ह्यातल्या म्सोमेरा गावी हलवतंय. माणसं स्वखुशीने जात आहेत असं सरकार म्हणतं. 2024 च्या ऑगस्टमध्ये हजारो मासाई याच रस्त्यावर उतरले होते, ते काही खुशीने नव्हे. गाइडला मी त्याबद्दल विचारलं. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. ‘माझी मावशी गेली तिकडे,’ म्हणाला. ‘घर पक्कं आहे. गवत वेगळं आहे.’ एवढंच. मग विवरात उतरायचा चढउताराचा रस्ता आला आणि त्याचं लक्ष स्टिअरिंगवर गेलं.

विवराचं वर्णन मी करत नाही. सहाशे मीटर उंच भिंतींचा, अडीचशेवर चौरस किलोमीटरचा तो वाडगा फोटोत दिसतो तसाच आहे. गेंडा दिसला, म्हणजे लांबवर एक करडा ठिपका दिसला आणि तो गेंडा आहे असं दुर्बिणीवाल्या सगळ्या गाड्यांचं एकमत होतं. आम्ही त्या गर्दीतून निघालो आणि एका वळणावर ताई ओरडली, ‘थांबव, थांबव!’

रस्त्यापासून तीस पावलांवर एक पक्षी चालला होता. कंबरेएवढा उंच, करडी मान, डोक्यावर मागे वळलेला काळा तुरा. सावकाश, एक-एक पाय उचलून, जमीन तपासत चालावं तसा. ‘कोरी बस्टर्ड,’ गाइड म्हणाला. इथे तो पुष्कळ. त्यासाठी कुणी गाडी थांबवत नाही. ‘कोरी काय, हा माळढोक आहे!’ ताई म्हणाली. तिचं फारसं चुकलं नव्हतं. दोघे एकाच कुळातले, सख्खे चुलत म्हणावेत असे. आणि ताईची सगळी नोकरी सोलापुरात गेलेली. नान्नजचं माळढोक अभयारण्य तिच्या सासरच्या वाटेवर. चाळीस वर्षं ती त्या पाटीवरून येजा करत होती, वर्गातल्या पोरांना चित्र काढायला लावत होती, आणि पाटीवरचा पक्षी तिने कधी पाहिलेला नव्हता. आता तर तिथे एखादाच उरला असेल तर असेल. समोरच्या पक्ष्याने मान फुगवली, शेपूट पाठीवर उलटी टाकली आणि छातीतून खोल, बंद डब्यावर थाप मारावी असा आवाज काढला. ताईने फोटो काढला नाही. तिने खिडकीची काच पूर्ण खाली घेतली आणि तो उंचवट्याआड जाईपर्यंत बघत राहिली.

विवरातून वर आल्यावर कराटूच्या उतारावर, तांबड्या मातीची शेतं सुरू झाली तेव्हा, गाइडने आपणहून विचारलं, त्या पक्ष्याचं काय एवढं? मग ताईने सांगायला सुरुवात केली, जिथे इंग्रजी अडलं तिथे मी. तिकडे आमच्याकडे असाच माळ होता. 1979 मध्ये या पक्ष्यासाठी साडेआठ हजार चौरस किलोमीटर अभयारण्य कागदावर झालं. त्या रेघेच्या आत गावंच्या गावं, उभी शेतं आली. सासऱ्यांची अकरा एकर त्यातच. तुकडा विकायचा तर परवानगी, घेणारा मिळाला तरी परवानगी. नणंदेचं लग्न त्यापायी दोन वर्षं लांबलं. माणसं हलवली नाहीत कुणी, ती होती तिथेच राहिली, पण पक्ष्याचं नाव काढलं की कपाळाला आठी. पुढे रेघ आत ओढून पुष्कळ लहान केली. तोवर कालव्याचं पाणी आलं होतं, ऊस आला होता, द्राक्षं आली होती.

गाइड ऐकत होता. समोर म्हशीएवढा ट्रक कांद्यांची पोती घेऊन रडतखडत चढत होता, त्याला वाट देऊन झाल्यावर तो म्हणाला, ‘आणि पक्षी? जमीन दिलीत तुम्ही. पक्षी राहिला?’

ताईने माझ्याकडे पाहिलं. ‘तू सांग,’ म्हणाली, ‘मला इंग्रजीत नाही जमायचं,’ आणि पायाशी वाकून चिवड्याचा डबा शोधायला लागली. कालच सकाळी तिने आचाऱ्याला इंग्रजीतून मेतकूट शिकवलं होतं. मी म्हटलं, पक्ष्याचं नंतर सांगते, आधी गवताचं ऐका. अरुशा अजून अडीच तासांवर होतं. त्याने गाडीचा वेग जरा कमी केला.